उडुपीचा प्रसाद

आमच्या घराण्यात मशिदीत जाण्याचा प्रस्ताव पहिल्यांदा मंजूर केला तो एका कावळ्यानं. त्यामुळे दोडप्पांना त्याला विरोध करता आला नाही.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला श्रीरंगपट्टणला नदीकाठी पिंड ठेवून आम्ही तासभर उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. आधी दोडप्पा पुढे झाले. दोडप्पा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, नरसिंगराव. बंगळूरच्या चिकपेटेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"पुरुषोत्तमा, तुझा उडुपीचा नेम मी मोडू देणार नाही."

कावळे हलले नाहीत.

माझा धाकटा भाऊ शंतनु घसा साफ करून म्हणाला, "अण्णा, पीण्यातलं तुमचं लोखंडकामाचं शेड आम्ही चालू ठेवू." हे खोटं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कावळ्यांनाही असावं. मला अण्णांना जे सांगायचं होतं ते भटजींसमोर सांगण्यासारखं नव्हतं. भटजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा मागून आईचा आवाज आला.

"मंगळूरच्या मशिदीचं तुमचं काम आम्ही सगळे जाऊन बघून येऊ."

भटजींनी मान वर केली. दोडप्पा वळले. तेवढ्यात एक कावळा सावकाश खाली आला, पिंडाच्या एका कडेला चोच मारली आणि उडून गेला.

परतीच्या वाटेवर रामनगर आल्यावर दोडप्पा पुढच्या सीटवरून म्हणाले, "भागीरथीबाई, दुसरं काही सुचलं नाही?"

"तुमचं दोघांचं बोलून झालं होतं, भाऊजी," आई म्हणाली.

*

त्या मशिदीचं आमच्या घरात पाच वर्षं नाव निघालं नव्हतं.

अण्णांचं बंगळूरच्या कडेला पीण्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं शेड होतं. कारखान्यांची छपरं, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, देवळाचा मंडप, मिळेल ते लोखंडकाम ते करत. ब्याण्णव साली त्यांना मंगळूरहून एक काम आलं. बंदराजवळ नवी मशीद बांधत होते. तिच्या घुमटासाठी सोळा बाकदार लोखंडी फासळ्या हव्या होत्या, वर एका कड्यात येऊन मिळणाऱ्या. अण्णांनी आयुष्यात घुमट केला नव्हता. त्या दिवसांत ते जेवताना ताटाच्या कडेवर बोटानं कमानी काढत बसायचे. आई म्हणायची, "भात गार होतोय." ते म्हणायचे, "स्वल्प थांब."

मग डिसेंबर उजाडला आणि सहा तारीख झाली. शहरात कर्फ्यू लागला. आठ फासळ्या मंगळूरला पोचल्या होत्या, आठ शेडमध्ये पडून होत्या. दोडप्पांनी सांगितलं, हे काम सोड. अण्णा हो म्हणाले नाहीत, तेव्हा दोडप्पांनी जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी ताटं वाढलेली असताना अण्णा म्हणाले, "ते काम मी सोडलं." दोडप्पांनी भात कालवला. मी ताटावरून उठले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, कॉलेजात शिकवत होते आणि धैर्याविषयी जे काही लिहिलं गेलं आहे त्यातलं बरंच वाचून बसले होते. त्याच घरात राहत असताना मी अण्णांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात 'भ्याड' हा शब्द तीनदा होता. पत्र त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. सकाळी त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पीण्याला गेले. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एकमेकांशी अगदी व्यवस्थित वागलो. माणसं नात्याबाहेरच्यांशी वागतात तसं.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात त्यांनी उडुपीचा नेम सुरू केला. पावसाळ्याआधी दोन दिवस एकटे जायचे. दोडप्पांना फार बरं वाटलं. भाऊ पश्चात्ताप करतो आहे आणि तोही कृष्णाच्या दारी, असं त्यांनी चिकपेटेत दहा जणांना सांगितलं. अण्णा येताना प्रसाद आणायचे. पोफळीच्या पानाची जाड साल, तिच्यावर केळीच्या सोपटाची दोरी, आत काळा चकचकीत हलवा. दोडप्पा आधी तो डोळ्यांना लावायचे, मग देवापुढे ठेवायचे, मग स्वतःच्या हातानं सगळ्यांना एकेक तुकडा द्यायचे. अण्णांच्या सदऱ्यावर लाल डाग असायचे. "बघा," दोडप्पा म्हणायचे, "देवाच्या दारात कुंकवानं माखला तरी याला शुद्ध नाही. असं लागायला हवं वेड!"

मी हलवा खायचे आणि मनात म्हणायचे, भित्र्या माणसाची भक्ती. हे शब्द मला इतके आवडले होते की मी ते वहीत लिहून ठेवले होते.

चार एप्रिल असे गेले. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत अण्णा शेडमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

*

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी शंतनूच्या मारुती व्हॅनमधून आम्ही निघालो. शंतनु एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सोमवारी त्याचं काहीतरी 'डिलिव्हरी'ला जायचं होतं, आणि हासन, सकलेशपूर, शिराडी घाट या सगळ्या वाटेत तो त्याचाच विचार करत होता, असं त्यानं नंतर कबूल केलं. "मला वाटलं, अक्का, पटकन जायचं, बघायचं, निघायचं. बग फिक्स केल्यासारखं."

दोडप्पा मात्र पूर्ण तयारीनं आले होते.

"कावळ्याला काय सांगितलंय?" घाटात ते म्हणाले. "बघून येऊ. आत जाऊ असं सांगितलेलं नाही. मी रस्त्यावरून बघेन. तिथून सरळ उडुपी. स्नान, दर्शन, प्रसाद. झालं."

"दोडप्पा, फासळ्या आतून दिसतात," शंतनु म्हणाला. "बाहेरून वरचा पत्रा तेवढा दिसणार. टेक्निकली ते बघणं होत नाही."

"तू तुझं टेक्निकली कॉम्प्युटरला सांग."

"कावळ्यानं काय धरलं होतं कुणास ठाऊक," आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "अर्धं केलं आणि ते परत कुणाच्या स्वप्नात आले म्हणजे?"

पुत्तूरपर्यंत दोडप्पांनी तीन वेळा मागे वळून आईकडे बघितलं. आई काय विचार करत होती ते मला लिहिता येत नाही. बाकीच्यांनी आपापलं मन पुढे कधी ना कधी मला सांगितलं. तिनं नाही.

मी काय शोधायला चालले होते ते मला पक्कं माहीत होतं. मला ती दुसऱ्या कुणीतरी केलेली आठ फासळ्यांची बाजू बघायची होती. अण्णा जिथे थांबले ती जागा. ती बघितली की माझं पत्र बरोबर होतं हे ठरणार होतं, आणि ते बरोबर ठरावं की चूक, हे मला ठरवता येत नव्हतं.

*

रात्री लॉजवर राहून सकाळी दहाला मशिदीपाशी पोचलो. बंदराच्या अलीकडे, मासळीच्या गोदामांच्या रांगेपलीकडे ती उभी होती. मी मनात जे उभं केलं होतं त्यातलं तिथे काहीच नव्हतं. पांढऱ्या साध्या भिंती, उंच काचा, एकच सडपातळ मिनार आणि वर फिक्या राखाडी रंगाचा घुमट. "एअरपोर्टसारखी आहे," शंतनु म्हणाला. ही त्याची वरच्या दर्जाची स्तुती असते.

तो व्हॅन लावायला गेला. दोडप्पा फाटकाबाहेर माडाच्या सावलीत छत्री टेकून उभे राहिले आणि घुमटाचा पत्रा बघू लागले. आईनं पदर डोक्यावरून घेतला, देवळात घेते तसाच, आणि मला म्हणाली, "चल."

कमिटीचे सेक्रेटरी पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. साठीचे, पांढरी लुंगी, पांढरी टोपी. नाव हसनब्बा. ते किनाऱ्यावरचं, पुस्तकात असतं तसं शुद्ध कन्नड बोलत होते. आमचं बंगळुरी कन्नड त्यापुढे खरकट्या भांड्यासारखं वाजलं. मी सांगितलं, आम्ही बंगळूरहून आलोय. पीण्याचे पुरुषोत्तम, त्यांची मी मुलगी, ही माझी आई.

ते ताडकन उठले. सगळा चेहरा उजळला. माझ्या खांद्यावरून त्यांनी फाटकाकडे बघितलं.

"या वर्षी लवकर! आणि घरच्यांना घेऊन! कुठे आहेत, गाडी लावताहेत?"

मी आईकडे बघितलं.

"ते गेले," मी म्हणाले. "फेब्रुवारीत."

हसनब्बा पुन्हा खाली बसले. वर्तमानपत्राची त्यांनी घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात रंग आणून ठेवणार होतो."

"कसला रंग?"

तेव्हा त्यांनी मला पडवीच्या टोकाचं कपाट उघडून दाखवलं. आई पडवीतच बसून राहिली. कपाटात बोल्ट आवळायचे दोन मोठे पाने होते, एक वायरब्रश, रेड ऑक्साइडच्या लाल रंगाचा अर्धा डबा आणि खिळ्याला अडकवलेली एक जुनी खाकी पँट. ती पँट घरातून हरवली होती. मला आठवतं, धोब्यावर आळ आला होता.

"समुद्राची हवा," हसनब्बा म्हणाले. "लोखंड खाते. त्यांनी घुमट चढवला तेव्हाच सांगितलं होतं, दर वर्षी पावसाआधी बोल्ट आवळायचे, गंज खरवडायचा, रंग लावायचा. मी म्हटलं, इथला माणूस लावू. म्हणाले, नको, काम माझं आहे."

"घुमट चढवला," मी म्हणाले. "म्हणजे आठ फासळ्या."

"आठ कशा? सोळा. आठचा घुमट उभा राहील का, बेटी?"

उरलेल्या आठ त्यांनी पीण्यातच, दोन गाळे सोडून दुसऱ्या एका शेडमध्ये पुऱ्या केल्या होत्या. दोडप्पा आयुष्यात कधी पीण्याला फिरकले नव्हते. मीही नव्हते. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये लॉरी आली, मागून अण्णा आले, आठवडाभर परांचीवर राहिले आणि घुमट बसवून गेले. घरी आम्हाला हुबळीचं काम सांगितलं होतं.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

हा प्रश्न मी हसनब्बांना विचारायला नको होता. पण विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ते जरा अवघडले. "मी एकदा विचारलं होतं. हसले. म्हणाले, भावाला सांगितलं तर तो जेवणार नाही. मुलीला सांगितलं तर ती पेपरात लिहील."

कपाटाच्या दाराला गंज लागला होता. मी तो नखानं खरवडत राहिले. मी खरंच लिहिलं असतं. रविवारच्या पुरवणीत, अण्णांच्या फोटोसकट. चिकपेटेत ते सगळ्यांनी वाचलं असतं, दोडप्पांचं ताट पुन्हा बाजूला झालं असतं, आणि घुमटाचं राहिलेलं काम कुणाला कुठे करता आलं असतं कुणास ठाऊक. माझा लेख मात्र चांगला झाला असता.

*

दोडप्पा आत कसे आले ते त्यांनीच मला दोन वर्षांनी सांगितलं.

माडाची सावली सरकली. फाटकातल्या फरशा तापल्या. शंतनूनं त्यांना हाताला धरून पाण्याच्या हौदापर्यंत आणलं. पाय तरी धुवा म्हणाला. दोडप्पा पाय धुवायला बसले आणि पुढचं सगळं सवयीनं झालं. हात धुतले, चूळ भरली, तोंडावरून पाणी फिरवलं, उपरण्यानं पुसलं. त्यानंतर माणूस आत जातो. ते आत आले.

"समोर बघितलं," ते म्हणाले, "तर काही नाही. भिंत, आणि भिंतीत एक रिकामा कोनाडा. आता हात जोडायचे कुणाला? जोडून तर बसलो होतो. मग वर बघितलं."

आई आणि मीही तोवर बाजूच्या दारानं आत आलो होतो. नमाजाची वेळ नव्हती. हसनब्बांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. आत गारवा होता. प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये काचेची एक अरुंद पट्टी होती आणि तिच्यातून ऊन खाली येत होतं. सोळा फासळ्या भिंतींवरून उठून, एकीलाही घाई नसल्यासारख्या, वर एका कड्यात जाऊन मिळत होत्या. ताटाच्या कडेवर काढलेली कमान मी ओळखली.

दोडप्पा हात जोडून वर बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी हात खाली घेतले आणि बोट वर केलं.

"बघ आसावरी, या बाजूच्या आठ आपल्या. कशा सरळ उतरल्यात! आणि त्या तिकडच्या. कळतो की नाही फरक? हात वेगळा आहे. जरा वाकड्याच आहेत."

हसनब्बा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं.

"दिसतात खऱ्या," शंतनु म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"त्या दुसऱ्यानं काम बिघडवलं," दोडप्पा म्हणाले. "पुरुषोत्तमानं असं अर्ध्यावर सोडायला नको होतं. हातात घेतलेलं काम आहे. मग ते कुणाचं का असेना."

आईला खोकला आला. तिनं पदर तोंडावर धरला आणि खोकला थांबेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

निघताना हसनब्बांच्या घरून एक पुडा आला. पोफळीची साल, केळीच्या सोपटाची दोरी. "बायको दर वर्षी त्यांच्याबरोबर देते," ते हळूच म्हणाले. "आज घाईत केलाय. त्यांना आमचा हलवा फार आवडायचा. म्हणायचे, घरीसुद्धा सगळे वाट बघतात."

पुडा गरम होता. मी तो पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

*

उडुपीला पोचेपर्यंत दीड वाजला. दोडप्पांनी तलावाच्या पायऱ्यांवर स्नान केलं, ओल्या पंच्यानं दर्शन घेतलं आणि एकदम हलके झाले. प्रसादाच्या खिडकीवर ते स्वतः रांगेत उभे राहिले. हातात पडला तो द्रोणातला खोबरं, गूळ आणि डाळ यांचा प्रसाद. त्यांनी तो डोळ्यांना लावला, तोंडात टाकला आणि खिडकीतून आत वाकून बघितलं.

"आणि तो दुसरा?"

"दुसरा कुठला?" आतल्या माणसानं विचारलं.

"काळा. हलव्यासारखा. पोफळीच्या सालीत बांधलेला."

"असलं आम्ही काही देत नाही हो, यजमान."

"देत नाही कसं? माझा भाऊ चार वर्षं इथून आणत होता!"

"इथून नसेल आणला."

मागची रांग कुजबुजायला लागली. दोडप्पा बाजूला झाले. तिथेच, मठाच्या भिंतीला टेकून, द्रोण हातात धरून ते उभे राहिले. मी त्यांना एवढं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

"मग पुरुषोत्तम कुठून आणत होता?" ते म्हणाले. कुणा एकाला विचारलं नव्हतं. "चार वर्षं तो इथे येत नव्हता का? मग जात कुठे होता?"

शंतनु माझ्याकडे बघायला लागला. आई चपला शोधत होती.

उत्तर माझ्याजवळ होतं. मी ते गाडीत सबंध वाटभर मनात लिहीत आले होते, परिच्छेद पाडून. पाच वर्षं मी एका माणसावर अन्याय केला होता आणि त्याची भरपाई करायला याहून चांगली जागा मिळाली नसती. अण्णा भित्रे नव्हते, दोडप्पा. सोळाच्या सोळा त्यांच्या होत्या. तुम्ही ज्या वाकड्या म्हणालात त्यासुद्धा. आणि जे तुम्ही चार वर्षं डोळ्यांना लावून देवापुढे ठेवलंत ते काय होतं, सांगू?

सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य तर पुरवणीत मथळ्याला चाललं असतं.

मी पर्सची चेन उघडली.

"दोडप्पा, हा बघा. मिळाला मला."

त्यांनी पुडा हातात घेतला. दोरी ओळखली. साल उलगडली, एक तुकडा मोडला, डोळ्यांना लावला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

"हा!" ते म्हणाले. "हाच. हा खरा." मग खिडकीकडे बघून मोठ्यानं, "तुमच्या माणसांनाच ठाऊक नाही तुमच्याकडे काय मिळतं ते!" आणि मला, "कुठे मिळाला गं?"

"अण्णा घ्यायचे तिथेच."

"अजून गरम आहे."

"हो. ताजा आहे."

ते डोळे पुसत होते, त्यामुळे पुढे काही विचारलं नाही. शंतनूनं एक तुकडा घेतला, चावता चावता थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या हिशेबात सोमवारची डिलिव्हरी पहिल्यांदाच मागे पडलेली मला दिसली. मी मान हलवली. तो चावत राहिला.

"थोडा देवासाठी राहू दे," आई म्हणाली.

परतीच्या वाटेवर दोडप्पा पुढच्या सीटवर पुडा मांडीवर घेऊन बसले. आगुंबे चढून गेल्यावर म्हणाले, "एप्रिलात कुणीतरी यायला हवं. मी शब्द दिलाय, पण मला आता हा घाट सोसत नाही. नेम मोडायला नको."

"मी..." शंतनूनं सुरुवात केली.

"तुला सुट्टी नसते," आई म्हणाली. "आसावरी जाईल."

"एकटी?"

"ते एकटेच जायचे."

दोडप्पांनी विचार केला. "सरी," ते म्हणाले. "जाऊ दे. देवाधर्माचं थोडं कळेल तिला." आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. पुड्यावरचा हात त्यांनी झोपेतही काढला नाही.

आई बाहेर बघत होती. झाडांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या. चाळीस वर्षं अण्णांचे कपडे तिनं हातानं धुतले होते. धोब्याकडे फक्त पँट्स जायच्या. मला हे तेव्हा का आठवलं नव्हतं, कुणास ठाऊक.

"जाताना जुनी साडी घे नेसायला," ती म्हणाली, हळू, दोडप्पा जागे होणार नाहीत अशा बेतानं. "तो रंग धुऊन जात नाही."